बसायच्या जागा

दवाखान्यातली यास्ना टेकडी चढून वर आली
तेव्हा धाप तिलाच लागली होती.
चोवीस वर्षांची पोर, पाठीवर सॅक,
सॅकमध्ये कागद: रोज अर्धा तास चाला.
कागदावर एक म्हातारा, एक म्हातारी,
दोघांचे दात पांढरेशुभ्र, बूट नवेकोरे,
मागे सपाट हिरवळ.

आमच्या वाल्पाराइसोत, या टेकडीवर,
सपाट म्हणाल तर फक्त टेबलं,
आणि त्यांच्याही एका पायाखाली पुठ्ठा.

इस्मेनियाने कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.
"पोरी, एकेचाळीस वर्षं मी
खालच्या बंगल्यांतले कपडे पाठीवर वर आणले,
धुतले, इस्त्री केले, पाठीवर खाली नेले.
ते अर्धे तास कुणी लिहून ठेवलेत का कुठे?"
यास्ना काहीच बोलली नाही.
मला ती तिथेच आवडली.

एकशे शहाऐंशी पायऱ्या.
उतारावरची डब्याची गाडी सहा वर्षं बंद.
'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी मात्र
दोनदा दुरुस्त झाली.
रिगोबेर्तो चौदा महिने खाली उतरला नव्हता.
पाव भाचा आणून देई,
समुद्र तो खिडकीतून बघे,
दुसऱ्याच्या घरातला टीव्ही बघावा तसा.

"गुडघे दुखतात?" यास्नाने विचारलं.
"दुखतात की. पण ते नव्हे.
मध्येच दम लागला तर बसू कुठे?
पायरीवर टेकलो तर उठवणार कोण?
वर लोक म्हणतील, ढोसलीय म्हाताऱ्याने."

त्या रात्री मी छताकडे बघत पडलो.
तीस वर्षं गोदीत सुतारकी केली,
बोटींना बाकं बसवली,
आणि हे मला कधी सुचलं नाही
की चालायचं असेल तर
आधी बसायची सोय हवी.

माझ्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या.
नेल्दा गेल्यापासून एकच लागते.
दुसरी मी अडतिसाव्या पायरीवर नेली,
भिंतीत बोल्ट मारून पक्की केली.
मग चर्चमधलं मोडकं बाक आलं, अर्धंच.
न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची आली.
बसमधली एक सीट आली,
कुठल्या बसची ते कुणी विचारलं नाही.
बोटीचा उरलेला नारिंगी रंग सगळ्यांना पुरला,
न्हाव्याच्या खुर्चीचा एक हात तेवढा राहिला.

पहिल्यांदा कुत्रे बसले.
मग इस्मेनिया, सपाता घालून, हातात विणकाम.
रिगोबेर्तो पहिल्या मंगळवारी
पहिल्या खुर्चीपर्यंत आला आणि परत गेला,
वर जाऊन जेवला म्हणे दोन वेळचं.
पुढच्या मंगळवारी दुसरीपर्यंत. मग पाऊस. मग पुन्हा पहिलीच.
यास्ना घड्याळ लावून बघायची:
पाच मिनिटं चालणं, पंचवीस मिनिटं गप्पा.
रकान्यात तिने 'तीस' लिहिलं.
मी पाहिलं. बोललो नाही.

ऑक्टोबरात तो खालपर्यंत पोचला.
बेकरीत स्वतःच्या हाताने सुटे पैसे मोजले,
गरम पाव तिथेच मोडून खाल्ला,
ओठांना तुकडे तसेच,
आणि मान वर करून
एकशे शहाऐंशी पायऱ्यांना
अशी एक शिवी हासडली
की यास्ना लाजून हसली,
इस्मेनियाचे दोन टाके सुटले.
मग तो वळला आणि चढू लागला.

मीही जातो रोज, खाली आणि वर.
न्हाव्याच्या खुर्चीत बसतो, बसच्या सीटवर बसतो.
अडतिसाव्या पायरीवर अजून बसलेलो नाही.
येता-जाता तिच्या पाठीला हात लावून
जरा हलवून बघतो
बोल्ट सैल तर झाला नाही ना.